बोटांनी दहा वर्षं आधी सांगितलं होतं: व्हिनाइल क्लोराइडचं प्रकरण

जानेवारी १९७४. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर, तिथला कारखान्यांचा 'रबरटाउन' नावाचा पट्टा. तिथे व्हिनाइल क्लोराइड या वायूपासून पीव्हीसी प्लास्टिक बनवणाऱ्या बी. एफ. गुडरिच कंपनीने सरकारी यंत्रणेला कळवलं, की आपले तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने गेले आहेत आणि त्याचा कामाशी संबंध असू शकतो. थोड्याच दिवसांत हा आकडा चारवर गेला.

अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग. यकृतातला तर इतका विरळा, की त्या काळी अख्ख्या अमेरिकेत वर्षाकाठी पंचवीस-तीस रुग्ण निघत. आयुष्यभर प्रॅक्टिस करूनही बहुतेक डॉक्टरांच्या नजरेला तो पडत नसे. त्याची तेव्हा ठाऊक असलेली कारणंही मोजकीच होती: एक्स-रे तपासणीत पूर्वी टोचलं जाणारं थोरोट्रास्ट नावाचं किरणोत्सारी द्रव्य, आणि आर्सेनिक. आणि इथे एका कारखान्याच्या एका विभागात १९६७ ते १९७३ या काळात चार रुग्ण. चौघांनीही त्या विभागात किमान १४ वर्षं काढलेली.

या प्रकरणावर बोलताना सहसा या चार मृत्यूंपासूनच सुरुवात होते. मी दहा वर्षं मागे जाणार आहे, कारण माझ्या मते संशोधन आणि व्यवस्थापन दोन्ही तिथेच चुकलं.

भांड्याच्या आत

व्हिनाइल क्लोराइड हा वायू आहे. उणे १३ अंशांच्या आसपास तो उकळतो, म्हणून दाबाखाली द्रवरूपात ठेवावा लागतो. मोठ्या बंद रिअ‍ॅक्टरमध्ये तो पाण्याबरोबर घुसळायचा, तापवायचा, की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पीव्हीसीचे पांढरे कण तयार होतात. या प्रकरणातला धोका त्या कणांचा नव्हे, जोडायच्या राहून गेलेल्या वायूचा आहे.

प्रत्येक बॅच बाहेर काढली, की रिअ‍ॅक्टरच्या भिंतींना आणि ढवळणाऱ्या पात्यांना प्लास्टिकची टणक खरवड धरलेली असे. ती तशीच ठेवली तर पुढची बॅच बिघडते, उष्णता नीट बाहेर पडत नाही. मग माणूस आत उतरे. वरच्या मॅनहोलमधून शिडीने खाली, हातात छिन्नी, हातोडा किंवा खरवडणी. खरवड फुटली, की तिच्यात कोंडलेला वायू तोंडापुढेच सुटे. डोकं हलकं होई, पाय लटपटत, दारू चढल्यासारखं वाटे. मग बाहेर यायचं, मोकळ्या हवेत थोडा वेळ बसायचं आणि परत उतरायचं. तरुण, नव्याने लागलेल्या कामगारांच्या वाट्याला हे काम हमखास येई.

या वायूला किंचित गोडसर वास आहे. पण तो नाकाला कळायला हवेत साधारण ३००० पीपीएम लागतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तीन हजार. त्या वेळची मर्यादा होती ५०० पीपीएम. म्हणजे 'वास येतोय' असं म्हणेपर्यंत माणूस मर्यादेच्या सहापट हवेत उभा असायचा. वासावर विसंबून सुरक्षितता ठरवणारे सुपरवायझर आजही भेटतात. त्यांच्यापुढे मी पहिल्यांदा हेच दोन आकडे मांडतो.

आणि ते ५०० तरी कुठून आलं? तेव्हा लोकांना भीती होती ती गुंगीची आणि स्फोटाची. हवेत ३.६ टक्के, म्हणजे ३६,००० पीपीएम झाले की हा वायू पेट घेऊ शकतो. त्यापुढे ५०० म्हणजे अगदीच किरकोळ वाटे. वीस वर्षांनी यकृतात काय होईल, हा प्रश्न त्या आकड्याला कुणी विचारलाच नव्हता. १९६१ मध्ये डाऊ या रसायन कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या यकृतात बदल पाहून सरासरी ५० पीपीएमची शिफारस केली होती. मर्यादा मात्र ५०० वरच राहिली.

बोटं

कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्यासमोर १९६४ च्या सुमारास काही विचित्र हात आले. गारठ्यात बोटं पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची, दुखायची. टोकं आखूड आणि जाड झालेली, नखं रुंद होऊन बाहेरच्या बाजूला वाकलेली. एक्स-रे घेतला तर बोटाच्या शेवटच्या हाडाच्या मधोमध एक पट्टाच नाही; टोकाचा तुकडा एकीकडे, बुडखा दुसरीकडे, मधलं हाड विरघळून गेलेलं. याला अ‍ॅक्रोऑस्टिओलिसिस म्हणतात.

हात होते रिअ‍ॅक्टर साफ करणाऱ्यांचे. १९६७ मध्ये अशा ३१ रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली; लेखकांत क्रीच होते. युरोपातूनही त्याच सुमारास असेच हात नोंदले गेले. मग उद्योगाने मिशिगन विद्यापीठाकडून हजारो कामगारांची पाहणी करून घेतली. निष्कर्ष स्वच्छ होता: हाताने रिअ‍ॅक्टर खरवडणं आणि हा आजार यांचा संबंध आहे.

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. लक्षण दिसलं, नोंदलं, मोजलं, कामाशी जोडलं. मग मात्र या आजाराला 'हातांचा आजार' ठरवून टाकलं. हातमोजे द्या, साफसफाईच्या पाळ्या बदला, त्रास होतोय त्याला दुसरीकडे हलवा. बरं, हलवल्यावर काहींचं हाड पुन्हा भरूनही येई. बोट आखूडच राही, पण एक्स-रे सुधारलेला दिसे, आणि फाइल बंद करायला तेवढं पुरे होई.

बोटाचं हाड विरघळवणारी गोष्ट फक्त हातमोज्याच्या भोकातून शिरली असेल, असं मानायला काही आधार होता का? हाडाबरोबर बारीक रक्तवाहिन्याही बिघडत होत्या, कातडी घट्ट होत होती. हा सगळ्या शरीराचा आजार होता; बोटांवर तो आधी दिसला इतकंच. पुढे यकृतात जो कर्करोग निघाला तोही रक्तवाहिन्यांच्या अस्तराचाच. मागे वळून बघताना हे सोपं वाटतं, हे मला मान्य आहे. पण 'याच माणसांच्या यकृताकडे बघूया' हा प्रश्न १९६७ मध्ये विचारायला कुठलंही नवं यंत्र लागणार नव्हतं.

उंदीर

इटलीतले पिएर लुइजी व्हिओला सॉल्व्हे या रसायन कंपनीचे डॉक्टर. त्यांना उंदरांमध्ये हाच हाडांचा आजार निर्माण करून बघायचा होता. त्यांनी उंदरांना वर्षभर ३०,००० पीपीएम वायू दिला. उंदरांच्या अंगात कर्करोगाच्या गाठी उठल्या. १९७० मध्ये ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्यांनी हे सांगितलं. प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आली: एवढ्या प्रचंड मात्रेत कशानेही काहीही होईल.

मग युरोपातल्या कंपन्यांनी इटलीतल्या बोलोन्या शहरातले संशोधक चेझारे माल्तोनी यांच्याकडे मोठा प्रयोग सोपवला. त्यांनी एका मात्रेवर न थांबता मात्रांची उतरंड लावली. १९७२ मध्ये २५० पीपीएमवर उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा दिसला. कायदेशीर मर्यादेच्या निम्म्यावर, आणि तोच कर्करोग जो पुढे लुईव्हिलमध्ये सापडणार होता. अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेला ही माहिती मिळाली ती गुप्ततेचा करार करून. १९७३ च्या जुलैत त्यांचे प्रतिनिधी कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेला, नायॉशला, भेटले तेव्हाही माल्तोनींचे निष्कर्ष टेबलावर आले नाहीत.

माल्तोनींचा पहिला अँजिओसार्कोमा आणि गुडरिचचं पत्र यांच्यात सुमारे दीड वर्ष आहे. दीड वर्षाने कर्करोगाचं चित्र फारसं बदललं नसतं, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. सुप्तकाळ, म्हणजे पहिल्या संपर्कापासून आजार दिसेपर्यंतचा काळ, वीस वर्षांचा असेल तर दीड वर्षाचं काय मोठं? पण त्या दीड वर्षात दर शिफ्टला कुणीतरी भांड्यात उतरतच होतं.

श्रेय द्यायचं तर क्रीच आणि कंपनीच्या पर्यावरण-आरोग्य विभागाचे मॉरिस जॉन्सन यांना. कामगार वेगवेगळ्या काळात आजारी पडले होते. पण कारखान्याचा डॉक्टर एकच असल्याने सगळ्यांचे धागे एका टेबलावर आले. तिसरा मृत्यू डिसेंबर १९७३ मधला. पुढच्याच महिन्यात कंपनीने स्वतःहून कळवलं, आणि मार्चमध्ये दोघांचा दोन पानी लेखही छापून आला.

दुर्मीळ होता म्हणून सापडला

या प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. समजा, हाच वायू अँजिओसार्कोमाऐवजी फुप्फुसाचा कर्करोग करत असता. तेच चार कामगार, तीच वर्षं. चारही मृत्यू बिनबोभाट सिगारेटच्या खात्यावर जमा झाले असते. डॉक्टरला संशय आला असता तरी चार या आकड्यावर कुणी त्याला उभं केलं नसतं.

मोठ्या पाहण्या तरी हे पकडतात का? १९७४ मध्येच आठ हजारांवर व्हिनाइल क्लोराइड कामगारांचा मृत्युदर तपासला गेला. एकूण मृत्यू सर्वसाधारण अमेरिकी पुरुषांच्या मानाने अपेक्षित होते त्याच्या सुमारे ७५ टक्के निघाले. म्हणजे वरवर बघितलं तर कारखाना प्रकृतीला मानवतो! कारण उघड आहे. भरतीच्या वेळी धडधाकट माणूसच घेतला जातो, आणि आजारी पडलेला नोकरी सोडून जातो. सर्वसाधारण लोकसंख्येत मात्र अंथरुणाला खिळलेलेही धरलेले असतात. कामगारांचीच आपसांत तुलना केल्यावर, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दीर्घ संपर्क आलेल्यांत काही कर्करोगांचं प्रमाण वर गेलेलं दिसलं. कुठल्याही कारखान्याने 'आमचा मृत्युदर बाहेरच्यापेक्षा कमी आहे' असं सांगितलं, की मला हे ७५ टक्के आठवतात.

'जास्त संपर्क' ठरवायचा कसा, ही वेगळी डोकेदुखी. जुन्या काळाची मोजमापं जवळपास नव्हतीच. संशोधकांनी हजेरीपट, कामाची पदं आणि जुन्या लोकांच्या आठवणी यांवरून प्रत्येक कामाला एक पायरी दिली: रिअ‍ॅक्टर साफ करणारा सगळ्यात वर, पोती भरणारा मध्ये, ऑफिसातला खाली. ब्रिटनमधल्या एका अंदाजानुसार कामाच्या जागी १९४५ ते १९५५ या काळात १००० पीपीएमच्या घरात वायू असे, आणि १९७५ मध्ये ५. हे सारे मागाहून लावलेले अंदाज आहेत. पण पायऱ्यांचा क्रम बरोबर असेल, तर आकडे ढोबळ असले तरी संबंध दिसतो.

शरीरात काय होतं

व्हिनाइल क्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं क्लोरोइथिलीन ऑक्साइड करतं, आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं. या रासायनिक खुणा दुरुस्त झाल्या नाहीत आणि पेशी विभागली, तर चूक कायमची होते. म्हणजे विष बनवण्याचं काम आपलंच यकृत करतं.

आणि त्या एन्झाइमची क्षमता मर्यादित आहे. हवेतला वायू वाढत जातो तसं विष वाढतं, पण एका टप्प्यानंतर एन्झाइम तुंबतं. जास्तीचा वायू तसाच श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून ३०,००० पीपीएमवर १,००० पीपीएमच्या तीसपट कर्करोग होत नाहीत. 'एवढ्या प्रचंड मात्रेत काहीही होईल' हा व्हिओलांवरचा आक्षेप इथे उलटा फिरतो: वरच्या टोकाला मात्रा आणि धोका यांचा वक्र सपाट झाला होता, आणि तिथून सरळ रेषा ओढून खालच्या मात्रांचा धोका काढणारा माणूस तो कमीच काढत होता.

एक पीपीएम

५ एप्रिल १९७४ ला अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे कामगार-सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, तातडीचा नियम काढून मर्यादा ५०० वरून ५० वर आणली. त्याच सुमारास ५० पीपीएमवरही उंदरांमध्ये अँजिओसार्कोमा झाल्याचं कळलं. मे महिन्यात ओशाने 'मोजता येणार नाही इतका' असा प्रस्ताव ठेवला. सुनावण्यांत उद्योगाचं म्हणणं होतं, की हे तंत्रानेच अशक्य आहे, कारखाने बंद पडतील, वीस लाखांपर्यंत नोकऱ्या जातील. ऑक्टोबरमध्ये अंतिम नियम आला: आठ तासांची सरासरी १ पीपीएम, कुठल्याही पंधरा मिनिटांत ५ पेक्षा जास्त नाही, आणि ०.५ ओलांडलं की नियमित मोजणी व वैद्यकीय तपासणी सुरू. उद्योग कोर्टात गेला, हरला, आणि १ एप्रिल १९७५ पासून नियम लागू झाला.

कारखाने बंद पडले नाहीत. काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण यातलं जवळपास काहीच कामगाराच्या अंगावर चढवायचं नव्हतं. रिअ‍ॅक्टरला आतून असा लेप देऊ लागले, की खरवड धरूच नये. धरलीच, तर वरून नोझल सोडून जोरदार दाबाच्या पाण्याने, झाकण बंद ठेवूनच धुवायची. उघडण्याआधी आतला उरलेला वायू ओढून परत टाकीत न्यायचा. पीव्हीसीच्या कणांत अडकलेला वायू वाळवणीपर्यंत जाऊ न देता वाफेने आधीच काढून घ्यायचा. गुडरिचने हे तंत्र विकसित करून इतरांनाही परवान्यावर दिलं. पंपांचे सील बदलले. ठिकठिकाणी नळ्या बसवून हवेचे नमुने आळीपाळीने एका गॅस क्रोमॅटोग्राफकडे (हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे) खेचायचे, म्हणजे गळती कुठे आहे ते त्याच शिफ्टमध्ये कळतं. परत मिळवलेला वायू हा कच्चा मालच असल्याने खर्चाचा काही भाग आपोआप भरून निघाला.

मास्क होते, आजही आहेत. पण दुरुस्तीच्या वेळी, गळतीच्या वेळी. दिवसभर मास्क घालून छिन्नी मारणारा माणूस घामाने निथळतो, तो सैल करतो, आणि कागदावर मात्र 'संरक्षण दिले' अशी नोंद राहते. भांड्यात माणूसच उतरला नाही, तर या भानगडीत पडायचं कारण उरत नाही.

वैद्यकीय तपासणीबद्दलही थोडा कडूपणा येतो. यकृताच्या नेहमीच्या रक्तचाचण्या हा कर्करोग वेळेत पकडत नाहीत. गाठ बरीच वाढेपर्यंत त्या ठीक दिसू शकतात. शिवाय चाचणी बिघडली तरी दारू, कावीळ, चरबी अशी दहा कारणं पुढे येतात. 'दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो' हे ऐकून कामगाराला जो दिलासा वाटतो, त्याला या आजारात फारसा आधार नाही. मला विचाराल तर त्याच पैशातून आधी आणखी एक हवा मोजणारी नळी बसवावी.

अंतिम नियमातलं एक कलम कंटाळवाणं दिसतं: हवेच्या मोजमापांच्या नोंदी किमान ३० वर्षं जपायच्या. १९५० च्या दशकातले आकडे शोधताना संशोधकांची जी फरपट झाली, ती या कलमात उतरली आहे.

पुढे उत्तर अमेरिकेतल्या ३७ कारखान्यांमधल्या, १९४२ ते १९७२ दरम्यान किमान वर्षभर काम केलेल्या १०,१०९ पुरुषांचा माग काढला गेला. त्यांत यकृताच्या अँजिओसार्कोमाचे ४८ मृत्यू निघाले. १९७४ नंतर कामाला लागलेल्यांत हा कर्करोग जवळपास दिसलेलाच नाही. पण आधीच्यांचं आयुष्य १ एप्रिल १९७५ ला नव्याने सुरू झालं नव्हतं. पहिल्या संपर्कापासून निदानापर्यंत सरासरी वीसहून जास्त वर्षं जातात, काहींत चाळीसच्या पुढे. पन्नाशीच्या दशकात छिन्नी घेऊन आत उतरलेला पोरगा नव्वदीच्या दशकात पोटदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेला, तेव्हा त्याची बोटं कुणी बघितली असतील का, कोण जाणे.